गाडी निजवणारे नूरचाचा

आषाढातलं शेवटचं लग्न वाजवून आलो की आमच्या बँडचे लोक पांगायचे. कुणी शेतात, कुणी धुळ्याला हॉटेलात, कुणी सासुरवाडीला. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आम्हाला वाजवायला काही नसतं. नूर महंमद चाचांचं खरं काम मात्र तेव्हाच सुरू व्हायचं.

चाचा आमच्या बँडच्या गाडीचे ड्रायव्हर. बँड धरणगावच्या ज्ञानेश्वर महाजनांचा, म्हणजे आमच्या ज्ञानाभाऊंचा. मी त्यात ट्रम्पेट वाजवतो. गाडी म्हणजे एक जुना डिझेल टेम्पो, पण तो टेम्पो आहे हे सांगावं लागतं. चारी बाजूंनी आरशांची नक्षी, वर दिव्यांच्या माळांची कमान, मागे स्पीकर आणि जनरेटर. लग्नसराईत गुलाल आणि धूळ खाऊन तिचा मूळ रंग कळेनासा व्हायचा.

आम्ही म्हणायचो, चार महिने गाडी बंद ठेवली. चाचा म्हणायचे, निजवली.

पहिले दोन दिवस ते फक्त झाडत. लग्नात फेकलेल्या अक्षता आरशांच्या फटीत, सीटखाली, बॉनेटच्या कडेला अडकलेल्या असतात. चाचा एका जुन्या दातांच्या ब्रशने त्या काढत बसायचे. "दाणा दिसला की उंदीर येतो," ते सांगायचे, "आणि दाणा संपला की वायर खातो." मग गाडी खालून धुवायची आणि दिवसभर उन्हात सुकवायची. काळं पडलेलं ऑइल बदलायचं, कारण जुनं ऑइल उभ्या इंजिनाला आतून खातं. डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत हवा राहत नाही आणि पावसाळ्यात टाकी गंजत नाही. चाकांखाली लाकडी ठोकळे लावून गाडी जमिनीपासून वर उचलायची. हँडब्रेक सोडून ठेवायचा, नाहीतर तो धरून बसतो. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबायचं आणि स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. आत फडकं आहे हे विसरून कुणी गाडी चालू करू नये, म्हणून ती चिंधी. सगळ्यात शेवटी मांडववाल्याकडून आणलेलं जुनं सुती कापड वरून घालायचं. ताडपत्री त्यांना चालायची नाही. "प्लास्टिकखाली तिला घाम येतो," म्हणायचे.

बॅटरी घरी जायची. त्यावरून हसीनाचाचींचं आणि त्यांचं दरवर्षी भांडण. चाचींचं घर म्हणजे दोन खोल्या, त्यातही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर ती बॅटरी चार महिने बसलेली.

"पाहुणीला पाट दिलाय," चाची मला म्हणायच्या. "मला कधी दिला का विचार."

चाचा ऐकू न आल्यासारखं करायचे. त्यांची मुलगी निलोफर तेव्हा लग्न होऊन धुळ्याला गेलेली होती. घरात दोघंच, आणि तिसरी बॅटरी.

लॉकडाऊन लागलं तेव्हा उन्हाळ्याची लग्नसराई नुकतीच सुरू होत होती. आम्ही चोपड्याकडचं एक लग्न करून आलो होतो. रात्र झाली म्हणून गाडी गुलालासकट गावाबाहेरच्या गाळ्यात लावली होती. मग रस्तेच बंद झाले. ज्ञानाभाऊंनी फोनवर सगळ्यांना सांगितलं, की तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, घरात बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा माझ्या दारात, तोंडाला उपरणं बांधून. "समाधान, चल. गाडी तशीच उभी आहे."

"चाचा, तीन आठवड्यांनी लग्नं सुरू होतील."

"झाली तर उठवू. त्यात काय?"

चौकात पोलिसाने आम्हाला अडवलं. तरुण होता, काठी काखेत धरून उन्हात उभा होता. कुठे निघालात म्हणून त्याने विचारलं, "कथा चालनात, चाचा?"

"गाडी निजवायला."

पोलिसाने चाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सांगितलं, बँडची गाडी आहे, ज्ञानाभाऊंची. त्याचा चेहरा जरा सैल झाला. "आरसानी गाडी ना? मन्हा लगीनमा तीच व्हती." त्याने काठी बाजूला घेतली. "जा, पन लवकर या."

त्या दिवसांत पंपावर डिझेल मिळणं अवघड होतं, तर चाचांनी ज्ञानाभाऊंच्या ट्रॅक्टरच्या पिंपातून काढून टाकी भरली. ऑइलचा डबा त्यांच्याकडे कायम असायचा. दोघांनी मिळून गाडी ठोकळ्यांवर चढवली. कापड घालून झाल्यावर चाचांनी बॉनेटच्या जागी दोनदा थोपटलं, घरातल्या माणसाला थोपटावं तसं, आणि बॅटरी खांद्यावर घेऊन घरी गेले.

तीन आठवड्यांचं वर्ष झालं. मधे थोडी लग्नं लागली, पण पन्नास माणसांच्या लग्नात बँड कोण सांगणार. मी हातगाडीवर भाजी विकायला लागलो. आमचा ढोलवाला पुना केळीच्या गाड्या भरायला असोद्याला गेला, तो तिथेच राहिला. चाचा महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करायचे आणि गाळ्यात जाऊन चाकं हाताने अर्धा फेरा फिरवून यायचे. चालू करून दोन मिनिटांत बंद करणं त्यांना पटायचं नाही. त्याने इंजिन गरम होत नाही, आत नुसता ओलावा धरतो, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात चाचांना ताप आला. दोन दिवसांत दम लागायला लागला. जळगावच्या दवाखान्यात नेलं आणि आत घेतलं. चाचींना दारातूनच परत पाठवलं, कारण कुणालाच आत सोडत नव्हते. फक्त चाचांचा मोबाइल त्यांच्याजवळ राहू दिला.

रोज दुपारी तिथली नर्स फोन लावून द्यायची. मी चाचींकडे असायचो, कारण व्हिडिओ कसा सुरू करायचा ते त्यांना कळायचं नाही. चाचांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे खोल गेलेले. चाची घरातलं सांगायच्या. निलोफर रोज दुवा मागते, शेजारच्यांनी डबा दिला, बकरी व्यायली. चाचा ऐकायचे आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, दुसरं काही नाही. चाचींचं बोलणं मग अडखळायचं.

चौथ्या की पाचव्या दिवशी चाची बोलता बोलता थांबल्या. काय सांगावं सुचेना. कोपऱ्यात नजर गेली आणि म्हणाल्या, "तुमची बॅटरी अजून इथंच बसलीय."

चाचांनी मास्क जरा बाजूला केला. "चार्ज?"

"कुठली चार्ज?"

"महिना झाला. समाधानला सांग." एवढं बोलून त्यांना धाप लागली, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

फोन बंद झाल्यावर चाचींनी एकदा बॅटरीकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "ती गाडी मला दाखव."

इतक्या वर्षांत त्या गाळ्यात कधी आल्या नव्हत्या. गाडी पाहिली होती ती रस्त्याने जाताना, लांबून. मी कापड एका बाजूने उचललं. त्या आरशांसमोर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. चार बोटं लावून एका आरशावरची धूळ पाहिली.

दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांनी घरातलं काही सांगितलंच नाही. "कापडाला पुढच्या बाजूला भोक पडलंय," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"ती समोर जाळी असते ना, तिथं."

"कापड उचलून आत बघ," चाचा म्हणाले.

तेव्हापासून चाची रोज सकाळी गाळ्यात जायला लागल्या. माझी भाजीची फेरी आटोपली की मीही जायचो. त्या जायच्या ते दुपारी सांगायला काहीतरी हवं म्हणून. कधी चाकातली हवा, कधी दरवाजाचं रबर, कधी नुसतं एवढंच की छपराच्या पत्र्यावर माकडं आली होती. चाचा प्रत्येक गोष्टीवर एक तरी प्रश्न विचारायचे. प्रश्न लांब होत चालले होते आणि धाप कमी.

मग एक दिवस सीटच्या खाली उंदराचं घर सापडलं. गादीचा काथ्या, दिव्याच्या माळेची कुरतडलेली वायर आणि आत गुलाबी पिल्लं. मी चाचींना म्हटलं, हे सांगू नका, त्यांचा जीव वरखाली होईल.

"होऊ दे," चाची म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं आणि चाचा चिडले. मास्क काढून बोलू लागले. डांबरगोळ्या कुठे ठेवल्यात, त्या उडून गेल्या असतील तर नव्या का नाही आणल्या, कडुलिंबाचा पाला घाल, तो ओला घालू नको, सुकवून घाल, इंजिनाच्या वायरी एकेक हाताने तपास. चाचीही गप्प बसल्या नाहीत. "मी काय गॅरेजवाली आहे का? मला तुम्ही इतक्या वर्षांत एक स्क्रू तरी दाखवला?" मागून नर्सचा आवाज आला, "चाचा, मास्क लावा, आणि भांडता कुणाशी?"

"बायको आहे," चाचा म्हणाले, आणि हसले.

फोन ठेवल्यावर चाचींनी पदरात तोंड घातलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

त्याच आठवड्यात ज्ञानाभाऊ गाळ्यात आले. मी आणि चाची वायरी तपासत होतो. भाऊ दारातच उभे राहिले. त्यांचीही अडचण होती, दोन सराई कोरड्या गेल्या होत्या. म्हणाले, "चाची, एक केळीवाला गाडी मागतोय. वरची कमान उतरवून नुसता टेम्पो नेणार. मी हो म्हणायच्या बेतात आहे."

चाचींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "भाऊ, गाडी तुमची. तुम्ही विका. पण ते दवाखान्यातून येईपर्यंत थांबा. रोज दुपारी ते मला गाडीचं विचारतात. उद्या मी काय सांगू?"

ज्ञानाभाऊ गाडीजवळ आले, कापड उचलून आत पाहिलं. लाल चिंधी, ठोकळे, कागदी पुडीत नव्या डांबरगोळ्या. "या गोळ्या कुणी ठेवल्या?"

"चाचींनी," मी म्हटलं.

"केळीवाल्याला दुसरी बघायला सांगतो," भाऊ म्हणाले. चाचा घरी आल्यावरही त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

चाचा पावसाळ्याच्या तोंडावर परत आले. हाडं वर आलेली, दहा पावलं चालले की भिंत धरायचे. डॉक्टरांनी धूळ आणि धुरापासून लांब राहायला बजावलं होतं. म्हणून दिवाळीनंतर गाडी उठवायची वेळ आली, तेव्हा चाचींनी त्यांना गाळ्यात येऊच दिलं नाही. रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली खुर्ची टाकली आणि तिथे बसवलं. गाडी चालू करायला धुळ्याहून जावई तौसिफ आला होता. तो तिथे टेम्पोच चालवतो.

आम्ही जुनं डिझेल काढलं, नवं भरलं. सायलेन्सरमधलं फडकं ओढून काढलं. गाडी ठोकळ्यांवरून उतरवली, बॅटरी जोडली. पलीकडून चाचा हाताने खुणा करत होते. तौसिफने किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली. पुन्हा फिरवली, तेच.

चाचांनी हात वर केला, थांब म्हणून. मग हाताने वरखाली पंप मारल्याची खूण केली. डिझेलच्या वाटेत हवा अडकली होती. तौसिफने हातपंप मारून हवा काढली, नळीतून नुसतं डिझेल येईपर्यंत. तिसऱ्यांदा किल्ली फिरवली, तेव्हा इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. गाळा पांढऱ्या धुराने भरून गेला. आम्ही डोळे चोळत बाहेर आलो.

चाचा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. चाची घाबरून धावत रस्ता ओलांडून गेल्या. "काय झालं?"

"थांब, ऐकू दे," ते म्हणाले.

पहिलं लग्न असोद्याला मिळालं. तौसिफ म्हणाला, मी चालवतो. चाचा म्हणाले, रस्त्याने तू चालव, मिरवणुकीत मी. तिथे माणसाच्या चालीने जायचं असतं, ते तुला जमणार नाही. चाचींनी मग आपणही येणार म्हणून जाहीर केलं. चाचांचा श्वासाचा पंप पिशवीत घेतला आणि पुढच्या सीटवर चाचांच्या शेजारी बसल्या.

मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचा रस्ता जेमतेम हाकेच्या अंतरावरचा, पण नाचणारी पोरं आम्हाला पुढे सरकू देत नव्हती. पुनाही केळीचं काम सोडून ढोल घेऊन आला होता. दोन वर्षांनी सगळे एकत्र वाजवत होतो. माझे ओठ लवकर दुखायला लागले. चाचींनी काच वर करून घेतली होती. बाहेरून एका बाईने काचेवर टकटक करून त्यांना पाण्याचा तांब्या दिला. "तुम्ही बँडवाल्याच का?" तिने विचारलं. चाचींनी जरा विचार करून मान हलवली, हो म्हणून.

परतताना पाळधीला चहाला थांबलो. चाचा गाडीतच बसून होते, डावा पाय लांब करून. चाची कप घेऊन त्यांच्याकडे निघाल्या होत्या, त्या माझ्याजवळ थांबल्या.

"तो डावा पाय सारखा दाबून धरावा लागतो का रे? मी आज बघत होते. पाऊल पुढे, की पाय दाबलेला."

"क्लच आहे तो. मिरवणुकीत सोडताच येत नाही."

"इतकी वर्षं घरी आले की म्हणायचे, पाय दाबून दे," चाची म्हणाल्या. "मला वाटायचं, बसून काम करणाऱ्याचा पाय कसला दुखतो."

त्या गाडीकडे गेल्या. दार उघडून चहाचा कप चाचांच्या हातात दिला आणि पायरीवर बसून, आम्ही सगळे समोर उभे असताना, त्यांचा पाय मांडीवर घेतला. चाचा "अगं, लोक बघतात," म्हणाले.

"बघू देत," चाची म्हणाल्या. "चहा प्या, निवतोय."