पार्टी आपली आभारी आहे

भामामावशी आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. सिरसाळ्याच्या पुढे एका वस्तीवर आमची शाळा आणि मी तिथली बाई. माझं डोकं लवकर तापतं हे सगळी वस्ती जाणते, तेव्हा पुढे मी तापले तर नवल वाटून घेऊ नका.

मावशींचे मालक कारभारी साळवे यांची गायन पार्टी होती. भीमजयंतीला गावोगाव कार्यक्रम व्हायचे. कारभारी पुढे माइकवर, मावशी मागे कोरसात. या कार्यक्रमांची एक रीत आहे. गाणं रंगात आलं की समोरून कुणीतरी नोट घेऊन उठतो. मुख्य गायक गाणं थांबवून त्याचं नाव पुकारतो, 'यांच्याकडून सप्रेम भेट, पार्टी आपली आभारी आहे' म्हणतो. तेवढा वेळ कोरसानं शेवटचा सूर धरून ठेवायचा, म्हणजे गाणं तुटत नाही. मावशींनी उभा जन्म हा सूर धरला आणि त्यावर अर्ध्या जिल्ह्याची नावं पुकारली गेली. त्यांचं स्वतःचं नाव मात्र माइकवरून कधी आलं नाही.

"कावून न्हाई घेतलं तुमचं नाव?" पाचवीतल्या रुद्राणीनं एकदा विचारलं.

"आमी मागं उभं ऱ्हायचो, बाळा. मागच्याचं नाव कोण घेतंय?" मावशी हसून म्हणाल्या आणि तिच्या ताटात खिचडी वाढली.

पातेलं ढवळताना त्या गुणगुणायच्या आणि रांगेतली पोरं ताटं धरून साथ द्यायची. आमचा समूह असा तयार झाला. मी फक्त दम देऊन त्यांना ओळीत उभं केलं. पुण्याला मुलांची आंतरराष्ट्रीय समूहगान स्पर्धा होती, तिला मोबाइलवर काढलेलं गाणं पाठवलं आणि चक्क निवड झाली. पहिला येणारा समूह विमानानं परदेशात अंतिम फेरीला जाणार होता. झालं, पोरांना विमानाशिवाय दुसरा विषय सुचेना.

निघायच्या आदल्या दिवशी समाजमंदिरासमोर रंगीत तालीम ठेवली. गाणं रंगलं आणि आमचे सरपंच सुंदरराव नोट घेऊन उठले. रुद्राणी मुख्य आवाज, ती तिथंच थांबली. बाकीच्यांनी सूर धरला, तिनं सुंदररावांचे आभार मानले, मग पुढचं कडवं. गाव खूश. मी तापले. स्पर्धेचा नियम स्पष्ट होता, गाणं मध्ये थांबलं की समूह बाद.

"पुण्यात कुणी सोन्याची वीट आणून दिली तरी थांबायचं नाही," मी बजावलं.

"म्याडम, दिलेलं घ्यायचं अन् नाव न्हाई घ्यायचं, हे बरं वाटत न्हाई," मावशी हळूच म्हणाल्या.

"बरं न वाटू दे. विमान मिळू दे."

पुण्यात देशोदेशीची पोरं इस्त्रीच्या कपड्यांत आली होती. आमची शाळेच्या गणवेशात. मी आणि मावशी खाली प्रेक्षकांत बसलो. पण गायली अशी की पुढच्या रांगेतल्या एका परदेशी बाईंनी डोळे मिटून घेतले. विमान मला दिसायला लागलं होतं. शेवटचं कडवं तेवढं राहिलं आणि रुद्राणी थांबली. कुणी नोट आणली नव्हती, कुणी उठलंही नव्हतं. मागच्या पोरांनी सवयीनं सूर धरला.

"भामाबाई कारभारी साळवे यांच्याकडून आम्हा सर्वांना आवाज सप्रेम भेट," रुद्राणी म्हणाली. "पार्टी आपली आभारी आहे."

विमान गेलं. मी जागच्या जागी तापले, पण माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. मावशींचं नाव ऐकून पोरांना रडू फुटलं होतं. एकेक आवाज गळायला लागला, सूर खाली यायला लागला. तेवढ्यात माझ्या शेजारच्या खुर्चीतून तो उचलला गेला. मावशींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि सूर मात्र जागेवर होता. पोरांनी तो पकडला आणि गाणं शेवटाला नेलं.

आम्ही बाद झालो. गाणं थांबलं, वर बाहेरच्या माणसानं साथ दिली. परीक्षकांनी फार नम्रपणे सांगितलं.

परतताना मांजरसुंब्याला ढाब्यावर गाडी थांबली. मावशी चहाला हात लावेनात.

"माझ्यापाई गेलं पोरांचं इमान," त्या म्हणाल्या. "उगं घेतलं माझं नाव."

रुद्राणी भज्यांच्या ताटावरून माझ्याकडे बघत होती. आता बाई तापणार, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. मी उठून उभी राहिले. इतकी वर्षं या बाईंनी माझ्या शाळेत पोरांची पोटं भरली, वर गळे दिले, आणि मी एकदाही त्यांचे आभार मानले नव्हते.

"भामाबाई कारभारी साळवे यांच्याकडून," मी म्हणाले आणि माझा आवाज अडकला. पुढचं येईना.

पोरांनी तोंडातला घास गिळला आणि मला सावरायला सूर धरला. मावशी त्यात आल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून त्या आपलं नाव ऐकत बसल्या.