डोहात सापडलेला वाळा

मंडळी, आज सकाळी मेटल डिटेक्टर घेऊन मळवलीजवळच्या डोहावर गेलो होतो. पाठीला डबा बांधून मी इथेच पोहायला शिकलो. तेव्हा उन्हाळ्यात सारं गाव या पाण्यात असायचं. आज गोधड्या धुणाऱ्या एक मावशी तेवढ्या होत्या.

दोन तासांत बाटल्यांची बुचं आणि वीस पैशांचं एक नाणं मिळालं. मग काठाच्या वाळूत यंत्र जोरात वाजलं. खणलं, तर लहान बाळाचा चांदीचा वाळा निघाला, काळा पडलेला.

मावशी जवळ आल्या. "आतून एका जागी जोड दिलाय का, बघा."

पुसून पाहिलं. जोड होता.

"माझ्या मंगलचा हाय. तिला पाण्यात खेळवताना गेलता. सासू लय बोलली मला."

मी वाळा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत घालून पाहिला.

"मंगलची लेक आता कालिजात जातीया. मंगलचा पाय एवढुसा व्हता, हे मी पार इसरले व्हते." गोधड्या तशाच टाकून त्या कितीतरी वेळ पाण्याकडे बघत बसल्या.

तुमचंही काही कुठल्या डोहात राहिलंय का?