लाल फुली

सकाळी दहाला कॉम्प्युटर सुरू केला की शाळेच्या दाखल्यांच्या फोल्डरवर लाल फुली दिसते. ते फोल्डर आहे हेडसरांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर. केबिनची किल्ली सरांच्या खिशात, आणि सर येतात अकराला. माझं मशीन सुरू होताच तिकडे एकदा हाक मारतं आणि उत्तर आलं नाही की फुली मारून मोकळं होतं. एकदाच विचारायचं आणि मग दिवसभर 'नाही' म्हणत बसायचं! डोकं फिरतं माझं. अरे, दार उघडायची वाट तरी बघ!

आज एक बाई पहिल्या एसटीने मुलीचा दाखला न्यायला आल्या. मुलीचं नाव त्यांनी सांगितलं. मी फुलीकडे बघत म्हटलं, "रेकॉर्ड दिसत नाही."

"दिसत नाही, की नाहीच?" त्यांनी घाबरून विचारलं.

"दिसत नाही म्हटलं ना!" मी खेकसलो. त्या निघून गेल्या.

अकराला केबिन उघडली, सरांचा कॉम्प्युटर सुरू झाला. मी फुलीवर दोनदा क्लिक केलं आणि फोल्डर उघडलं. तिसऱ्याच ओळीत त्या मुलीचं नाव होतं. फाटकापर्यंत धावलो, पण रस्ता रिकामा होता. मशीनला शिव्या घालतच परत आलो आणि खुर्चीत बसताना थबकलो. त्या बाईंना 'थोडं बसा' म्हणायला मला कुणाची किल्ली हवी होती?