कापूर न ठेवलेला महिना

३० सप्टेंबर १९९६, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. नगरपालिकांचे हिशेब तपासणाऱ्या आमच्या नारायणगुड्याच्या कचेरीत कापराचा वास दरवळला, म्हणजे ते आले होते. एका लहान नगरपालिकेचे ते हिशेबनीस. वर्षाचे हिशेब घेऊन दर सप्टेंबरात माझ्याकडे येत. प्रत्येक महिन्याच्या पावत्या ते सुलतान बाजारातल्या निराळ्या रंगाच्या कापडात बांधत, वाळवी लागू नये म्हणून आत कापूर ठेवत, आणि गाठ सोडताना, झोपलेल्याला उठवावे तसे, त्या महिन्याचे नाव हळूच उच्चारत. त्या संथ आवाजात माझी घाई विरघळून जाई.

त्या दिवशी मे महिन्याचे पिवळे फडके उघडले, तर आत नुसती माती होती. पंख्याच्या वाऱ्याने ती उन्हाच्या पट्ट्यात तरंगू लागली.

"कापूर ठेवायचा राहून गेला, बेटी," ते म्हणाले. "गलती माझीच."

नव्या नियमानुसार बाराही महिन्यांचे हिशेब पाच वाजेपर्यंत दाखल झाले, तरच त्यांच्या गावाला नळयोजनेचे अनुदान मिळणार होते.

"काका, उरलेल्या अकरा महिन्यांची सरासरी लिहा. कुणाला कळणार आहे?"

"तुला कळंल की," ते हसले. "नक्को. गाव अजून एक साल टँकरचं पाणी पिईल, मला शिव्या देईल. पण वाळवीनं खाल्लेलं मी मनानं कसं लिहू?"

या नोकरीआधी प्रयोगशाळेत काम करताना मीही एकही नोंद कधी कल्पनेने भरली नव्हती. त्यांनी फडके झटकून त्याची नीट घडी घातली. मी तक्त्यात प्राप्त महिन्यांची संख्या लिहिली: ११.