आमचा ट्रॅक्टर अन् डिझेलचा चोर

सकाळी सव्वासातला आमचा जुना ट्रॅक्टर चिखलणी करता करता बांधीतच, म्हणजे धानाच्या खाचरातच, बंद पडला, आणि संध्याकाळपर्यंत इतके किस्से जमले की एका दमात सांगून होत नाहीत! रोवणीच्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेल्या. पऱ्हे, धानाची रोपं, उपटून ठेवलेले. आज लागले नाहीत तर गेलेच. मी बाळाला घेऊन झाडाखाली, जिवाला घोर.

इंजिन सुरू व्हायचं, थोडं चालायचं आणि खोकून गप्प! माझे सासरे, म्हणजे मामाजी, म्हणाले, "कोणीतरी काही केलं. पक्कं!"

"कोणी, मामाजी?"

"थेच तं पाहून राह्यलो."

*

पहिला संशय नजरेवर. मामाजींनी ट्रॅक्टरवरून मिरच्या ओवाळून जाळल्या. धुरानं बाळ खोकलं, बाया खोकल्या, मामाजी खोकले. ट्रॅक्टरनं तेवढा आवाज काढला नाही!

*

मग डिझेलवर. "पाणी मिसळलं असन," म्हणत आमच्या ह्यांनी डिझेल बाटलीत घेऊन उन्हात धरलं. पाहते तर बाळाची दुधाची बाटली!

"अहो, काहून हिच्यात?"

"काचेची, साफ हीच होती न!"

डिझेल चांगलं निघालं. बाटली मी दोनदा उकळली. तरी मन मानेना, फेकलीच.

*

जवळच्या वारासिवनी गावाहून मिस्त्री आला. टाकीचं झाकण उघडून डिझेल पाहिलं, फिल्टर बदलला. इंजिन धडधडलं. "अब नहीं रुकेगा, भाभी!"

त्याची मोटरसायकल दिसेनाशी झाली आणि ट्रॅक्टर बंद!

मामाजी म्हणाले, "जुना फिल्टर काहून नेला त्यानं?"

*

शेजारचे गेंदलाल काका आमचं डिझेल चोरतात, असं मामाजींनी गावभर केलेलं. काका बिचारे आमच्याकडे येणंच सोडून बसले होते. दुपारी मामाजींना दिसलं, तेच काका टाकीजवळ, झाकण हातात!

"पकडला! सूनबाई, पाह्य, चोर!"

मी बाळाला घट्ट धरलं. काकांनी झाकण पुढे केलं. "दादा, तुमचं काम अडलेलं पाहून आलो. झाकणाच्या भोकात मेण कोणी भरलं?"

"म्या, काल राती. तिथूनच डिझेल ओढतेत."

"सुईएवढ्या भोकातून?"

"नळी बारीक राह्यते न!"

"अन् टाकीत हवा कुठून जाईन? हवा नाही गेली तं डिझेल खाली कसं उतरन?"

काकांनी काडीनं मेण काढलं, झाकण लावलं. इंजिन सुरू झालं, ते शेवटची बांधी होईपर्यंत थांबलं नाही. बाया लुगडी खोचून उतरल्या.

मामाजींनी झाकण एकदा चाचपून पाहिलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले,

"सूनबाई, गावात सगळ्याइले सांगून दे, गेंदलाल चोर नाही. पण झाकणाले भोक आहे, हे नको सांगू!"