अडकलेली शिंक

चार वाजता आया पोरांना घेऊन गोष्टीला येतील, म्हणून त्याआधी मी वाचनालयाच्या बालविभागातल्या सतरंजीवर जरा पाठ टेकते. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं मांडून झालीत, खुळखुळे पुसून झालेत. डोक्यावर पंखा कुरकुरतोय. डोळा लागता लागता मी मनात एक वाक्य जुळवते आहे: "सुवर्णाताई, पुढच्या रविवारपासून तुम्ही आला नाहीत तर बरं होईल."

हे काम ग्रंथपालांनी माझ्या गळ्यात घातलंय. बालवाडीची निवृत्त बाई, त्यातून फुकटची मदतनीस; वाईटपणा घ्यायला याहून सोयीचं कोण मिळणार? सुवर्णा हेरवाडेचा चार वर्षांचा पारस दिवाळीनंतर डेंग्यूनं गेला. तरी ती दर रविवारी गोष्टीला येते, मागच्या भिंतीला टेकते आणि मांडी घालून बसते. रिकामी मांडी. ती आली की बाकीच्या आया आपापली पोरं पोटाशी ओढून घेतात. एक तर म्हणालीसुद्धा, "तिची नजर बरी नाही." मला संताप येतो, पण नक्की कुणाचा ते ठरत नाही.

पंख्याची कुरकुर लांब जाते. कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा ओढतं.

"बाई, सुरू कर की."

पारस आहे. अंगात दवाखान्यातला हिरवा अंगरखा, पाठीमागून उघडा.

"गोष्ट चारला असते," मी डोळे न उघडताच म्हणते. शिस्त म्हणजे शिस्त. मेलं म्हणून कुणाला सवलत नाही.

"वाजले चार."

"कुठं वाजले?"

"माझ्याकडं."

आणि तो धपकन माझ्या मांडीत बसतो. पूर्वीपेक्षा जड लागतो.

"वजन वाढलं रे तुझं."

"तिकडं कोण उचलूनच घेत नाही."

माझा राग जरा खाली बसतो. "अरे, मग आईकडे जावं. माझ्याकडे काय ठेवलंय? ती मला दर रविवारी विचारते, 'माझ्या स्वप्नातबी येईना झालाय बाई. तुमच्या येतोय काय?' विचारताना हसते रे ती. बघवत नाही."

"जातो की. ती नसती."

कपाटांमध्ये आता पुस्तकं नाहीत. तिथं सुताच्या कांड्या गरगर फिरताहेत, आणि दोन कपाटांच्या मधून सुवर्णा तुटलेले धागे सांधत चालली आहे. सूतगिरणीत तिनं कायमची रात्रपाळी मागून घेतलीय, रात्री घरात पडायला नको म्हणून. मी हाका मारते. यंत्रांच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नाही. पारस तिची ओढणी ओढतो. तिच्या हातातला धागा तुटतो. ती गाठ मारते आणि पुढं जाते.

"बघितलंस? रात्री जावं तर ही हितं. दिवसा घरी जावं तर नुसती वर बघत पडती. डोळं मिटल्याबिगर मला आत जाता येत नाही."

"आणि रविवारी? रविवारी तिला सुट्टी असते."

"रविवारी दुपारी येती तिला झोप." तो माझ्या बांगड्या मोजल्यासारख्या सरकवतो. "तवा ती तुझ्याकडं येती."

एवढंसं पोर, पण घाव बरोबर वर्मी घालतं.

"आता शिंकेची सांग."

आम्ही दवाखान्याच्या जिन्यात बसलो आहोत. प्रत्येक पायरीवर एकेक रांगतं बाळ बसलंय आणि सगळी माझ्याकडे बघताहेत. शिंकेची गोष्ट मीच रचलेली आहे. हत्तीच्या पिल्लाची शिंक सोंडेत अडकते, माकड गुदगुल्या करतं, मुंगी सोंडेत शिरते, तरी ती काही येत नाही. पारस गेल्यापासून मी ती सांगितलेली नाही. पण पोर मांडीत बसलंय, जिना भरलाय, करता काय?

मी सांगत सुटते. शेवटी पिल्लू सोंड वर करतं.

"आ..." मी म्हणते.

"आ..." पारस ओरडतो. पायऱ्यांवरची बाळंही तोंडं उघडतात.

"आ..."

आणि मी थांबते. कारण इथं पिल्लू शिंकतं आणि खोलीतल्या साऱ्या आया एका सुरात म्हणतात, "शतंजीव!" घरात लेकरू शिंकलं की मोठी माणसं म्हणतात तेच.

"पुढं?"

"पुढं आईला विचार."

"तू म्हण."

"नाही म्हणणार."

"म्हण की! सगळ्यांना म्हणतीस!"

"मेलेल्या पोराला ते म्हणत नाहीत," मी ओरडते. तोंडातून गेल्यावर मला कळतं, काय गेलं ते.

तो मान वळवून माझ्याकडे बघतो.

"मी मेलोय?"

"तुला कुणी सांगितलं नाही?"

"आई म्हणाली, सलाईन संपलं की घरी जाऊया."

मला त्याला जवळ घ्यायचं आहे. खरंच घ्यायचं आहे. पण त्याचा चेहरा लाल होतो, तो माझा हात दोन्ही मुठींत धरतो आणि जीव खाऊन चावतो. मी किंचाळते. पायऱ्यांवरची सगळी बाळं एकदम रडायला लागतात.

पंखा कुरकुरतोय. मी सतरंजीवर उठून बसले आहे. मनगटाच्या वर इवल्या दातांची वर एक, खाली एक असे दोन कमानदार वळ आहेत, लालभडक, आणि त्यांच्यावर लाळ अजून ओली आहे.

दारात सुवर्णा उभी आहे. ती नेहमीच सगळ्यांच्या आधी येते.

"कोण चावलं हो बाई?"

मी सांगते. गिरणी सांगते, जिना सांगते, अर्धी राहिलेली शिंक सांगते. सलाईनचं तेवढं गाळते. आणि जे वाक्य दुपारभर जुळत नव्हतं ते आता आपोआप येतं. "इथं येऊ नका, सुवर्णाताई. रविवारी या वेळेला घरी झोपा. तो तुमच्याकडे येईल. तो शब्द तुम्हीच म्हणा."

तिनं ऐकलं की नाही, कळत नाही. ती माझा हात धरून खिडकीच्या उजेडात नेते. एकेका दाताच्या खुणेवरून बोट फिरवते.

"मला कधी चावला नाही," ती म्हणते. "एकदाबी नाही."

जिन्यावर पोरांचा गलका ऐकू येतो. ती हात सोडत नाही. तिचं बोट वळावर दाबत जातं.

"दुखतंय हो," मी म्हणते.

"दुखू दे," ती म्हणते.