समोरच्या दवाखान्याकडे जाताना

वाईच्या शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. स्वतःविषयी काही लिहावे, असे निवृत्तीनंतरच्या दहा वर्षांतही कधी वाटले नाही. आता उशिराने लिहायला बसलो आहे आणि पहिलीच हकिगत अशी आहे, की ती मी रचली असावी, असा वाचकांचा समज होण्याची भीती वाटते.

पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मिरजेत झाली. नंतरच्या व्यायामासाठी रोज जावे लागणार म्हणून दवाखान्याच्या अगदी समोर, रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला, आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अंतर चाळीस पावले. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, की तीन आठवड्यांत गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागेल. भुलीचे नाव निघाले की पत्नीचा चेहरा उतरे. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस ती मला ओळखत नव्हती आणि ते तिला नंतर समजले होते.

तरीही पहिल्याच आठवड्यात आमचे चार दिवस बुडाले, ते केवळ त्या चाळीस पावलांमुळे. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, प्रवासी कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपगाड्या, रुग्णवाहिका. यांच्या रांगेत फट म्हणून सापडत नसे. हात दाखवून वाहन थांबवणे मला जमले नाही. मी हात वर केला, की चालकाला मी ओळखीचा वाटे आणि तोही हसून हात हलवत निघून जाई. एका रिक्षावाल्याला समोरच्या दवाखान्यात सोडशील का, असे विचारले. तो इतका मनापासून हसला, की दुसऱ्याला विचारण्याचे धैर्य झाले नाही.

शेवटी मला जे येते ते मी केले. संबंधित कार्यालयास तीन पानी अर्ज लिहिला. सोबत रस्त्याचा नकाशा काढून जोडला आणि उत्तर दिशा बाणाने दाखवली. आश्चर्य म्हणजे चौथ्या दिवशी आमच्या दारापासून दवाखान्याच्या दारापर्यंत पांढरेशुभ्र पट्टे रंगवले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीचा हात धरून खाली उतरलो, तर कडेच्या प्रत्येक पट्ट्यावर एकेक मोटारसायकल उभी होती. पट्टे जणू गाडीच्या मापानेच मारले होते. चाक कोठेही रेषेबाहेर नव्हते. फक्त आमच्या बाजूचा पहिला पट्टा मोकळा होता. शेजारच्या चहावाल्याने तो माझ्यासाठी राखला होता.

“आवं सर, अर्ज तुमचा, मग पयला पट्टा तुमचाच,” तो म्हणाला. “गाडी कवा आणताय?”

माझ्याकडे गाडी नाही, हे सांगताना मलाच अपराधी वाटले. पट्टे चालण्यासाठी असतात, हेही मी हळू आवाजात सांगितले. त्यावर त्याने रस्त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि हितनं कोण चालतंय, असे सहानुभूतीने विचारले. त्या दिवशी आम्ही आमच्या राखीव पट्ट्यावर अर्धा तास उभे राहिलो आणि परत वर गेलो.

त्याच सुमारास जतकडून आलेला मेंढ्यांचा एक कळप आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत उतरला होता. कळप येताना मी गॅलरीतून पाहिले होते, की रस्त्यावरची झाडून सगळी वाहने थांबली. उसाच्या ट्रॅक्टरने तर गाणीही बंद केली. पत्नीनेही ते पाहिले होते. तिने मला न विचारता मेंढपाळाच्या बायकोशी ओळख काढली. कळप गुरुवारी नऊ वाजता पलीकडे जाणार, ही बातमी तिनेच आणली. आम्हीही जायचे, हेही तिनेच ठरवले.

गुरुवारी आम्ही कळपाच्या कडेने चालू लागलो, तेव्हा म्हातारा मेंढपाळ मागे वळून म्हणाला, “आक्का, मधनं चाला. कडंला ऱ्हायलासा तर मेंढरू न्हाई म्हणून कुणीबी धडकंल.”

आम्ही मधून चाललो. सगळी वाहने थांबली. जन्मात प्रथमच मी रस्त्याच्या मध्यभागी घाई न करता चालत होतो. पलीकडे पोहोचल्यावर मात्र कळप दवाखान्यापाशी न थांबता डावीकडे वळला आणि चारही बाजूंनी मेंढ्या असल्यामुळे आम्हीही वळलो. दवाखान्याचे दार डोळ्यांदेखत मागे गेले. कळपाला थांबवा, असे मेंढपाळाला सांगण्याचा संकोच वाटल्याने मी मेंढ्यांबरोबर चालत राहिलो. सुटका झाली ती जवळजवळ एक किलोमीटरवर, एका रिकाम्या शेतात. निरोप घेताना मेंढपाळाच्या बायकोने आपले जुने घोंगडे पत्नीच्या खांद्यावर टाकले.

तेथून उलट चालत दवाखान्यात पोहोचलो, तेव्हा तासभर उशीर झाला होता. बाईंनी गुडघा मोजला, पंच्याऐंशी अंश. कोणता व्यायाम केलात, असे त्यांनी विचारले. पत्नीने खरे ते सांगितले. बाईंनी ते कागदावर लिहून घेतले नाही, पण राहिलेला आठवडा एकही दिवस चुकवायचा नाही, असे बजावले.

कळप तर निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने घोंगडे डोक्यावरून घेतले, काठी आडवी धरली आणि सरळ रस्त्यात उतरली. वडापची जीप थांबली. जीपमागे ट्रॅक्टर थांबला. सगळे चालक माना लांब करून पत्नीच्या मागे पाहू लागले. मागे मी होतो.

जीपवाल्याने डोके बाहेर काढून विचारले, “आक्का, मेंढरं किती हायत मागं?”

“एकच आहे,” मागे न पाहता ती म्हणाली.

तो थांबूनच राहिला. मी मान खाली घालून पलीकडे गेलो. गुडघा त्या दिवशी ब्याण्णव अंशांपर्यंत वाकला.